उलटा टाकलेला लव्हाळा

चतुराबाई रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी खुरपं घासायची. दाराशेजारी एक काळा दगड होता. त्यावर ओंजळभर पाणी शिंपडायचं, उकिडवं बसायचं आणि पातं आधी एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं ओढायचं. काम असो वा नसो. पातं झिजून झिजून असं झालं होतं की त्यानं कांदा चिरावा. गल्लीतल्या बायका त्या आवाजानं उठायच्या.

“आज कुणाचं रान हाय, आत्याबाई?” चुलीपासून बबिता विचारायची. ही तिची सून.

“कुणाचंच न्हाई.”

“मग कामून घासायलाव?”

“लोखंड हाय. न्हाई घासलं तर गंजतंय.”

पोखर्णीच्या अलीकडे फाट्यावर उतरून आत चालत गेलं की त्यांचं गाव लागतं. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला तलाव, मधे काळी जमीन. या जमिनीत चतुराबाईनं उभं आयुष्य खुरपण्यात घातलं. तिची बायांची टोळी होती आणि टोळीचं नाव होतं. कापसात असो, सोयाबीनमध्ये असो, चतुराबाईची टोळी निघून गेली की मागं राहिलेलं रान धुतल्यासारखं दिसायचं. शेतकरी तिला आदल्या दिवशी सांगावा धाडायचे आणि तीही कुणाला हो म्हणायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे स्वतःच्या मर्जीनं ठरवायची.

तिची एक रीत होती. बाकीच्या बाया उपटलेलं तण तसंच मागं टाकून पुढं सरकत. रात्री दव पडलं की त्यातलं निम्मं पुन्हा मूळ धरायचं. चतुराबाई उपटलेला झुपका पायाच्या घोट्यावर आपटायची, मुळातली माती झाडायची आणि झुपका उलटा ठेवायची, शेंडा खाली आणि मुळं वर, उन्हाकडं तोंड करून. संध्याकाळपर्यंत तो करपलेला असायचा. टोळीतल्या बायांनाही तिनं तेच शिकवलं होतं. कुणी विसरलं तर मागं वळून म्हणायची, “अगं, झोपवलास व्हय त्याला? उठंल की सकाळी.”

आणि सगळ्यांत जास्त वैर लव्हाळ्याशी. तीनधारी दांड्याचं ते हिरवंगार तण, वरून गवतासारखं दिसणारं, खाली जमिनीत गाठींची माळ धरून बसलेलं. एक उपटावं तर बाजूला दोन उगवतात. लव्हाळा दिसला की चतुराबाईचा हात डोळ्यांच्या आधी पुढं जायचा. लग्नाच्या मांडवात बसल्या बसल्या तिनं पाहुण्यांच्या पायाजवळचा लव्हाळा उपटल्याचं गावात अजून सांगतात.

मग फवारणी आली. पाठीवर पंप अडकवून एक माणूस सकाळी रानात शिरायचा आणि जेवणाच्या वेळेला मोकळा व्हायचा. तण उभ्या जागी पिवळं पडायचं. सांगावे थांबले. टोळीतल्या काही बाया ऊसतोडीला गेल्या, काही घरी बसल्या. चतुराबाईला घरी बसता येत नव्हतं. चाळलेली ज्वारी ती पुन्हा चाळायची. धड असलेली गोधडी उसवून पुन्हा शिवायची. दुपारी फाट्यापर्यंत चालत जायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, “काय न्हाई, गाडी आली का बघायले आले.” मुलगा धम्मदीप पाथरी-परभणी रस्त्यावर जीप चालवायचा. तो जेवायला बसला की म्हणायचा, “आई, जरा टेक की एका जागी.”

“टेकून काय करू?”

आणि तोवर ती पुन्हा उठलेली असायची.

त्याच दिवसांत बबितानं तलावाचं काम अंगावर घेतलं. दर वर्षी दसरा सरला की तलावाचं पाणी उतरायला लागायचं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा, टरबूज पेरायचे. याला गाळपेर म्हणतात. पाणी जसं मागं सरायचं तसा नांगर त्याच्या मागं जायचा, थेट पाण्याला टेकेपर्यंत. पूर्वी काठाला गवताचा आणि लव्हाळ्याचा पट्टा असायचा, तो असा नांगरून नांगरून गेला. माती धरायला काही उरलं नाही. पावसाळ्यात वरची माती सरळ आत यायची, उन्हाळ्यात पाणी हिरवं व्हायचं आणि मेलेले मासे काठाला लागायचे. परभणीहून सृष्टी नावाची एक मुलगी यायची, वनस्पतिशास्त्र शिकलेली. तिनं बचत गटाच्या बायकांना हे सगळं तलावाच्या काठावर उभं राहून समजावलं होतं. वरच्या अंगाला पवन्या आणि मारवेल ही गवतं, खाली पाण्याच्या ओलीत लव्हाळ्याच्या जाती. त्या परत आणायच्या. त्या एकदा टिकल्या की बाकीचं आपोआप येतं, पाखरंही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बबिता उभी राहिली आणि तिनं काठाचा एक पट्टा गटासाठी मागितला. लोक हसले. पण दिला. एक वर्षासाठी. पुढच्या सव्वीस जानेवारीला सगळ्यांनी जाऊन बघायचं. काठ हिरवा दिसला तर ठेवायचा, नाही तर पुन्हा नांगर.

घरी येऊन बबितानं सासूला सांगितलं, “गवत लावायलो आमी. पाणगवत.”

लव्हाळा हा शब्द तिच्या ओठावर आला होता. पण चतुराबाई समोर बसून खुरप्याची मूठ ठोकत होती. या बाईला सांगायचं की आपण लव्हाळा लावायलोत? बबितानं मनाशी म्हटलं, उगवून आला की सांगू.

तो उगवून आला. आषाढात लावलेल्या झुपक्यांच्या शेजारी, पाणी उतरलं तशी आपली आपण उगवलेली कोवळी रोपंही दिसायला लागली. बबिता ती बघून यायची आणि रात्री धम्मदीपला मोबाइलवर फोटो दाखवायची. चतुराबाईला दाखवायचं राहून गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत बबिता लेकरांना घेऊन माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली की परत आल्यावर सृष्टीताई बाहेरची माणसं घेऊन काठ बघायला येणार आहेत. दुसऱ्या दिवशी चतुराबाई सहज तलावाकडं गेली आणि काठ बघून तिथंच उकिडवी बसली. वरचं गवत छान धरलं होतं. पण खाली, पाण्याच्या कडेला, नुसता लव्हाळा. कोवळा, दाट, माजलेला.

“बघ की गं ही पोरगी,” तिनं टोळीतल्या जुन्या लक्ष्मीबाईला सांगितलं. “एवढं गवत लावलं आन त्यात लव्हाळा माजू दिला. पाहुणे काय म्हणतील?”

“खुरपायचं का मग?”

“तर काय. कुणी सांगावा धाडायची वाट बघतीस का?”

गावात राहिलेल्या जुन्या बाया गोळा झाल्या. कितीतरी महिन्यांनी त्या एका रांगेत बसल्या. हात चालले, तोंडं चालली. कुणाची सून कशी, कुणाचा जावई कसा, सगळं निघालं. चतुराबाई पुढं होती. झुपका उपटायचा, घोट्यावर आपटायचा, उलटा टाकायचा. वरच्या गवताला कुणी धक्का लावला नाही, ते गुरांच्या तोंडचं. ऊन चढलं तेव्हा पाण्याची कड स्वच्छ झाली होती, सारवल्यासारखी. त्या रात्री चतुराबाई गाढ झोपली. फार दिवसांनी.

बबिता परतली ती पिशवी दारात टेकवून तशीच काठावर गेली. चतुराबाई तिच्या मागून हसत आली. सून काय म्हणते ते तिला ऐकायचं होतं.

बबिता खाली बसली आणि वाळलेला एक झुपका उचलून बघायला लागली. मुळं वर, शेंडा खाली.

“तुमी काढलंव?”

“मी आन लक्ष्मी आन सगळ्या. लय माजला होता.”

“हाच लावला होता, आत्याबाई.”

“काय?”

“हाच. लव्हाळाच लावला होता आमी.”

चतुराबाईला आधी ती थट्टा वाटली. मग सुनेचं तोंड बघितल्यावर वाटली नाही. “लव्हाळा कुणी लावतंय व्हय?” ती म्हणाली, पण आवाज खाली गेला होता. “तू तर गवत म्हणली होतीस.”

“म्हणले होते. चूक झाली माझी.” बबिता उठली. तिनं हातातला झुपका पुन्हा होता तसाच ठेवला. “आता मात्र काठाकडं येऊ नका. हात जोडते मी.”

सृष्टी आली तेव्हा तिनं झुपके एकेक करून उचकटून पाहिले. दुसऱ्या कुणी काढले असते तर त्यातले कितीतरी ओल लागून जगले असते. यातला एकही जगला नव्हता. ती रागावली नाही, पण तिच्या बोलण्यातलं हसू गेलं. “थंडीत बी रुजत नाही,” ती म्हणाली. “पाण्यातल्या लव्हाळ्याचे मातीच्या ढेपांसकट झुपके मिळाले तरच काही होईल. नाही तर सव्वीस जानेवारीला दाखवायला आपल्याकडं वरचं गवत तेवढं आहे.”

बातमी गावभर झाली. पारावर, दळणाच्या रांगेत, एकच विषय. “लव्हाळा लावायलेत म्हणं बचत गटवाले.” “लावणारी सून आन उपटणारी सासू, घरच्या घरीच रोजगार.” बबिता ऐकून न ऐकल्यासारखं करायची. भाकरी थापताना तिचे हात जोरात चालायचे. घरात ती सासूशी बोलायची, चहा द्यायची, काही कमी करायची नाही. फक्त तलावाचं नाव काढायची नाही. चतुराबाईला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. भांडली असती तर दोन शब्द उलट देता आले असते.

मग ती फिरायला लागली. रोज एका शिवारात. बांधावर उभी राहायची आणि विचारायची, “दादा, पाण्यातला लव्हाळा हाय का तुमच्या रानात?”

शेतकऱ्याला हे विचारणं म्हणजे तुझ्या लेकराच्या डोक्यात उवा आहेत का विचारण्यासारखं. कुणी तुटक नाही म्हणायचं, कुणी चिडायचं. दिनकरराव म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, ते बैल थांबवून म्हणाले, “चतुराबाई, तुमीच काढला की सगळा तीस वर्सं. आता मागायलाव?” ती खाली मान घालून पुढच्या बांधाला गेली. ओढ्याला बघितलं, तिथं पोकलेननं खोदून ठेवलेलं. विहिरींच्या कडेला बघितलं. मिळाला तो शेतातला कोरडा लव्हाळा, पाण्यातला नाही.

एकच रान उरलं होतं, आणि ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लिंगराजआप्पांचं.

लिंगराजआप्पांचं गावात किराणा दुकान. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. कालव्याला लागून त्यांचं चांगलं काळं रान होतं. कालवा पाझरायला लागला आणि रान हळूहळू चिबडलं. वर मिठाची पांढरी साय, खाली चिखल. त्यात लव्हाळ्याशिवाय काही पिकेना. आप्पांनी रस्त्याच्या कडेला तुरीच्या दाट ओळी लावल्या होत्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं की आत सगळी तूरच आहे. कुणी आत डोकावून विचारलंच तर म्हणायचे, “औंदा पडीक ठेवलंय, जमिनीला इसावा.” हा विसावा कैक वर्षं चालू होता. एकदा चतुराबाईची टोळी ते खुरपायला गेली होती आणि दुपारीच परत आली होती. आयुष्यात तेवढं एकच रान तिनं अर्धं सोडलं होतं. आप्पा ते विसरले नव्हते.

ती दुकानात गेली तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. आप्पा साखरेच्या पुड्या बांधत होते.

“आप्पा, तुमच्या कालव्याकडच्या रानातला लव्हाळा न्यायचा होता.”

पुडीचा दोरा त्यांच्या हातात तसाच राहिला. “माझ्या रानात लव्हाळा न्हाई.”

“न्हाई?”

“तूर हाय तिथं.”

चतुराबाईनं पदर सावरला. “बरं. मग जे न्हाई तेच घिऊन जाते मी. तुमचं त्यात काय जायलंय?”

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. हसू येत होतं ते त्यांनी मिशीत दाबलं. “त्या वक्ताला अर्धं टाकून गेलीस.”

“गेले. हारले म्हणून गेले. आता तेच हारलेलं मागायले आले.”

त्यांनी दोरा ओढून गाठ मारली. “उजाडायच्या आत. रस्त्यावर कुणी असलं तर पुढं निघून जायचं. आन कुठनं आणलं हे कुणाला सांगायचं न्हाई. सुनेलाही न्हाई.”

“न्हाई सांगत.”

“बाबासाहेबांची आण घे.”

“आण कशाला घेऊ? चतुराबाई बोलली की झालं.”

त्या दिवसापासून ती पहाटे उठून गोणपाट घेऊन जायला लागली. चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जायचे. झुपका उपटायचा नाही, भोवती खुरपं फिरवून ढेप उचलायची, ओल्या गोणपाटात सरळ उभी ठेवायची, शेंडा वर. हाताला हे शिकवताना फार त्रास झाला. पहिल्या दिवशी अर्ध्या ढेपा तिनं सवयीनं घोट्यावर आपटल्या आणि माती झाडून टाकली. मग ती चिखलात उभी राहून स्वतःलाच शिव्या देत होती, अगदी हळू, तुरीपलीकडं जाऊ नये म्हणून.

ढेपा ती काठावर नेत नव्हती. तिला मनाई होती. तलावाजवळच्या पंपाच्या मोटारीच्या खोलीमागं सावलीत ठेवायची आणि घरी यायची.

बबितानं पहिल्या दिवशी विचारलं, “हे कुठनं?”

“घावलं.”

“कुठं घावलं?”

“घावलं म्हणले ना.”

चिखल वाळला की ढेपांवर पांढरी साय धरायची. तशी माती गावात एकाच रानात होती. बबितानं त्या मातीवरून बोट फिरवलं, बोटाची चव बघितली आणि पुन्हा काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मोटारीच्या खोलीमागं तिनं पाण्याची घागर भरून ठेवली, ढेपांवर शिंपडायला.

सृष्टी निवडायला बसली. शेतातला लव्हाळा त्यात मिसळला असला तर तो काठावरून खालच्या रानांत उतरेल आणि मग गाव आपल्याला जगू देणार नाही, असं ती म्हणाली. तिनं चतुराबाईला बोलावून घेतलं. बबितानं बसायला पाटी उलटी करून दिली. सृष्टीनं दोन सुकलेले तुरे तिच्या तळहातावर ठेवले. एक तांबूस, विरळ. दुसरा तपकिरी, गच्च गोंड्यासारखा. “हा शेतातला, हा पाण्यातला. तुम्ही तर रोज बघितले असतील.”

चतुराबाईनं हात डोळ्यांजवळ नेला. फुंकर लागून तुरे उडतील म्हणून तोंड फिरवून श्वास घेतला. “न्हाई बघितलं,” ती म्हणाली. “फुलापर्यंत जाऊच दिला न्हाई कधी. लव्हाळा फुलला म्हणजे त्या बाईची इज्जत गेली.”

तिघी संध्याकाळपर्यंत निवडत बसल्या.

लावलेलं सगळं धरलं नाही. काही ढेपा कुजल्या. काही रानडुकरांनी उकरल्या. थंडी वाढली तसे शेंडे पिवळे पडले आणि चतुराबाईची झोप पुन्हा गेली. दिवसातून कितीदा ती काठाला जायची, दूर उभी राहायची, हात पाठीमागं बांधून. बबिता म्हणायची, “बघून वाढत न्हाई ते.” तरी ती बघायची.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि गाव तलावावर आलं. काठ एकसारखा हिरवा नव्हता. इथं एक पुंजका, तिथं एक, मधे उघडा चिखल. टरबूजवाले तिथंच बोट दाखवून बोलायला लागले. एवढी चांगली गाळाची जमीन आणि ही अशी. बबितानं मातीचं, पाण्याचं सगळं सांगितलं, पण त्यांची बोटं चिखलावरून हलेनात. चतुराबाई मागं बायकांत उभी होती. पदराचं टोक तिनं मुठीत इतकं आवळलं होतं की लक्ष्मीबाईनं ते सोडवून घेतलं.

लिंगराजआप्पा पुढं झाले. त्यांनी वाकून एका पुंजक्याकडं बघितलं. आपल्याच रानातल्या चिखलाकडं माणूस कसा बघेल तसं ते बघत होते, हे ओळखणाऱ्या तिथं दोघीच होत्या. “राहू द्या अजून एक वरीस,” ते म्हणाले. “तणच हाय. ते काय पळून जायलंय?”

लोक हसले. हसण्याहसण्यात ठराव झाला. एक वर्ष. त्याहून जास्त कुणी दिलं नाही.

चैत्रात एका दुपारी चतुराबाई जेवून आडवी झाली ती उठली नाही. धम्मदीप म्हणाला, आई पहिल्यांदाच दुपारची झोपली होती, तेव्हाच आम्हाला कळायला पाहिजे होतं. घरात भंतेजी आले, वंदना झाली. आप्पा दारापर्यंत आले, उभे राहिले आणि गेले.

गेली त्या दिवशी सकाळी ती काठावरच होती. पाणी खूप आत गेलं होतं, उन्हानं चिखलाला भेगा पडायला लागल्या होत्या आणि ओलीच्या कडेनं लव्हाळ्याचे नवे कोंब वर आले होते. वरच्या वाटेनं गावातला योगीराज म्हशी घेऊन आला. जुन्या सवयीनं तो सरळ खाली उतरायला लागला. चतुराबाई पट्ट्याच्या पलीकडं उभी होती. तिनं हात वर केला.

“इकडनं नको रं. खालच्या अंगानं ने म्हशी.”